विचारा की! : लॅबमधल्या मशिनींना खरंच एवढी मागणी आहे?

मागच्या अंकात औषध संशोधनाच्या लॅबमध्ये काय काय मशिनी असतात यावर मी दोन पानं लिहिली होती आणि शेवटी ‘काही विचारायचं असेल तर लिहा’ असं म्हटलं होतं. निपाणीपासून भालकीपर्यंतच्या लोकांनी लिहिलंय, आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून एकाच जागी येतो, की या मशिनींचं मार्केट मोठं होतंय म्हणतात तर त्यात आमच्या भागातल्या माणसाला काय आहे? मी सत्तावीस वर्षं या मशिनी बसवत आणि दुरुस्त करत फिरलोय, आधी मुंबई, मग बेंगळुरू, आणि गेली दहा वर्षं इथंच बेळगावात. त्यामुळं जे डोळ्यांनी बघितलंय तेच सांगतो. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : काका, निपाणीत आमची तंबाखूची वखार होती, आता त्यात राम राहिला नाही. मला एका मार्केट रिपोर्टची पीडीएफ आली, औषध संशोधनाच्या उपकरणांचं मार्केट अब्जावधी डॉलरचं आहे आणि दरवर्षी वाढणार असं त्यात लिहिलंय. एक पार्टी डीलरशिप देतो म्हणते, १५ लाख डिपॉझिट मागूलालेत. घालू काय नको?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, आत्ता घालू नका. का ते जरा सविस्तर सांगतो कारण हाच प्रश्न आणखी चौघांनी विचारलाय.

तो रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण तो आकडा जगाचा आहे, त्यात बॉस्टनची लॅब पण आली आणि शांघायची पण. आपल्या देशात नवीन औषध शोधायचं काम जिथं खरं चालतं ते म्हणजे बेंगळुरू, हैदराबादची जिनोम व्हॅली, पुणे, मुंबई, अहमदाबाद. तिथं मिश्रणातले रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं एलसी-एमएस लागतं, पेशी एकेक करून मोजणारं फ्लो सायटोमीटर लागतं, रेणूची रचना दाखवणारं एनएमआर लागतं, एकेक मशीन कोटीच्या घरात. पण ॲजिलेंट, वॉटर्स, शिमाड्झू, थर्मो अशा कंपन्या ही मशिनी एकतर स्वतः विकतात नाहीतर देशभर माणसं असलेल्या मोठ्या वितरकाकडून, मध्ये निपाणीच्या डीलरला जागाच नाही. म्हणजे पीडीएफमधला मोठा आकडा ज्या मशिनींमुळं मोठा झालाय त्या तुमच्या हातून कधी विकल्या जाणारच नाहीत.

मग आपल्याकडं काय विकलं जातं? निपाणीपासून तासा-दोन तासाच्या अंतरात कोण आहे ते मोजा. बेळगावातली फार्मसी आणि मेडिकल कॉलेजं, नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था, राणी चन्नम्मा विद्यापीठ, पलीकडं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, कागलची एमआयडीसी. यांना दरवर्षी एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, लागत नाही. यांना लागतं पीएच मीटर, ग्रॅमच्या चार दशांश स्थळांपर्यंत मोजणारा वजनकाटा, ओव्हन, सेंट्रीफ्यूज, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे रोज संपणारा माल. फिल्टर, व्हायल म्हणजे छोट्या बाटल्या, कॉलम म्हणजे एचपीएलसीत घटक वेगळे करणारी नळी, बफरच्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या) बाटल्या, सॉल्व्हंट, लॅम्प. मशीन दहा-बारा वर्षांतून एकदा घेतात पण फिल्टर दर महिन्याला लागतो, आणि तो आज कुठून येतो तर मुंबई-पुण्याहून कुरिअरनं, चार दिवसांनी, तोपर्यंत पोरांचं प्रॅक्टिकल थांबलेलं.

या रोजच्या मालाची ताकद किती असते त्याचं एक उदाहरण सांगतो. एचपीएलसीत ॲसिटोनायट्राइल नावाचं सॉल्व्हंट वापरतात. ते मुद्दाम फारसं कोणी बनवत नाही, ॲक्रिलोनायट्राइल बनवताना ते बाजूला निघतं, जशी साखर बनवताना मळी निघते तसं. २००८ साली मंदी आली, गाड्या खपेनात, गाड्यांना लागणारं प्लास्टिक खपेना, म्हणून ॲक्रिलोनायट्राइलचे कारखाने मंदावले, त्यात बीजिंग ऑलिंपिकसाठी चीननं कारखाने बंद ठेवले आणि अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्याला आयक वादळानं झोडपलं. झालं, जगभर ॲसिटोनायट्राइल मिळेना. भाव कुठल्या कुठं गेले आणि लाखो रुपयांची मशिनी एका बाटलीसाठी बंद पडून राहिली. मी तेव्हा मुंबईत होतो, लोक मेथॅनॉलवर पद्धत बदलून घ्यायला रात्र-रात्र बसायचे. ज्याच्याकडं त्या वर्षी चार पेट्या शिल्लक होत्या त्याला लोक नावानिशी ओळखायला लागले.

आता पैशाचं बोलू. कॉलेजची बिलं वेळेत निघत नाहीत, तीन महिने, सहा महिने, कधी मार्च उलटून. माझं स्वतःचं एका संस्थेकडं वर्षभर बिल अडकलं होतं आणि ते सोडवायला मला अकरा फेऱ्या माराव्या लागल्या. छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे, पण नुसता माल विकत घेऊन विकणाऱ्याला त्याचं संरक्षण मिळत नाही, वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळतं, हे तुमच्या सीएला विचारून खात्री करून घ्या. म्हणून १५ लाख डिपॉझिटमध्ये अडकवण्यापेक्षा तेच पैसे खेळतं भांडवल म्हणून हातात ठेवा.

आणि फक्त औषधाच्या लॅबवर बसू नका. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत बघा, प्रत्येकाच्या लॅबमध्ये पोलॅरिमीटर, रिफ्रॅक्टोमीटर, पीएच मीटर. डेअऱ्या आहेत, फाउंड्र्या आहेत, पाणी तपासणाऱ्या लॅब आहेत. एकाच गाडीतून हे सगळं होतं. सुरुवातीला काटा आणि पीएच मीटर कॅलिब्रेट करणारा, म्हणजे ते बरोबर मोजतात का ते ताडून बघणारा एक चांगला मुलगा सोबत घ्या, माल त्याच्या मागोमाग खपतो. गिऱ्हाईकाच्या लॅबमध्ये ज्याचा हात चालतो त्यालाच ऑर्डर मिळते, हे मी शंभर वेळा बघितलंय.

प्रश्न : सर, मी यंदा बी.फार्म झाले. बेळगावातच एक क्लास आहे, एचपीएलसी ट्रेनिंग एक महिन्याचं, ४० हजार फी आणि जॉब गॅरंटी म्हणतात. बाबांची परिस्थिती बेताची आहे. घालावेत का? आणि इंग्रजी बोलायला अडतं, मराठी मीडियमची आहे.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, गॅरंटीसाठी एक रुपया देऊ नका. शिकवण्यासाठी द्यायचे असतील तर आधी जाऊन मशीन बघून या. मशीन चालू आहे का? एका बॅचमध्ये किती जण? मला स्वतःला किती तास हात लावायला मिळेल? सॅम्पल मी बनवणार की दाखवणार फक्त? कॉलम मी स्वतः जोडणार का? या प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही तर मागं फिरा. पीपीटीवरचं एचपीएलसी तुमच्या पुस्तकात आहेच, त्याला ४० हजार कशाला.

माणसं लागतात का, तर लागतात, आणि नुसती नाही तर चांगली मिळत नाहीत म्हणून लोक कासावीस आहेत. गोव्यात वेर्ण्याला औषधाच्या कंपन्या रांगेनं आहेत, चोर्ला घाट उतरला की पोहोचलात. बेंगळुरूत तर सिंजीनसारख्या कंपन्या दुसऱ्यांसाठी संशोधन करून देतात, तिथं केमिस्ट्री आणि ॲनालिसिसवाल्यांची मोठी फौज असते. पण इंटरव्ह्यूला विचारतात काय ते ऐका. ‘पीकला (आलेखात उठणाऱ्या टोकाला) शेपूट का येतं?’ ‘सिस्टिम सुटेबिलिटी (मशीन नीट चालतंय का याची सुरुवातीची चाचणी) बसली नाही तर पहिल्यांदा काय तपासशील?’ ‘एकाच सॅम्पलची सहा इंजेक्शनं मारली आणि एरिया वर-खाली आला तर?’ आणि मुलं काय करतात, एचपीएलसीचा लाँग फॉर्म सांगतात.

म्हणून घरी बसून हे करा. कॉलेजमध्ये अजून ओळख आहे ना, मॅडमना विचारून तिथलं मशीन महिनाभर वापरायला मागा, मशीन बंद असेल तर सुरू करताना मदत करते म्हणा. पॅरासिटॅमॉलची गोळी विकत घ्या, कुटा, विरघळवा, गाळा, इंजेक्ट करा, आणि गोळीत खरंच ५०० मिलिग्रॅम आहे का ते काढून बघा. एवढं एक काम नीट केलं, वहीत तारखेसकट लिहिलं, चुकलं तर का चुकलं तेही लिहिलं, तर त्या वहीची चार पानं त्या सर्टिफिकेटपेक्षा जड जातील.

वहीचा विषय निघाला म्हणून थांबून सांगतो, कारण आजच्या मार्केटमध्ये मशिनीएवढीच किंमत या गोष्टीला आली आहे. आपल्या देशातून वर्षाला ३० अब्ज डॉलरच्या आसपास औषधं बाहेर जातात, अमेरिकेचे इन्स्पेक्टर येऊन लॅब तपासतात, आणि ते पहिल्यांदा औषध बघत नाहीत, कॉम्प्युटर बघतात. कोणी कधी इंजेक्शन मारलं, कोणी रिझल्ट डिलीट केला, कोणी दुसऱ्याच्या पासवर्डनं काम केलं. अमेरिकेचा १९९७ पासूनचा नियम आहे, इलेक्ट्रॉनिक नोंदी कशा ठेवायच्या त्याचा, २१ सीएफआर पार्ट ११ म्हणतात त्याला, आणि त्यामुळं मशीन घेताना आता लोक ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याची आपोआप होणारी नोंद, आधी विचारतात, पंप नंतर. जी मुलगी ‘रिझल्ट फेल आला, मी तसाच लिहिला आणि सरांना कळवलं’ असं सांगू शकते तिच्यावर माझा जीव आहे, आणि कंपनीलाही अशीच मुलगी हवी असते.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. लॅबमधलं इंग्रजी दीड-दोनशे शब्दांचं आहे, ते लिहायला आलं की बास, बोलणं सहा महिन्यांत येतं. आणि डिग्री छोटी वाटत असेल तर कोइची तानाका हे नाव लक्षात ठेवा. शिमाड्झू या मशीन बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनियर, शिक्षण फक्त बॅचलर डिग्री आणि तीही इलेक्ट्रिकलची. १९८५ मध्ये कोबाल्टच्या बारीक पावडरीत चुकून ग्लिसरीन पडलं, फेकून न देता त्यांनी ते मशिनीत घालून बघितलं, आणि प्रोटीनसारखे मोठे रेणू न मोडता मोजायची वाट सापडली. २००२ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. चूक झाली ती लपवली नाही, बघितली.

प्रश्न : आमचं उद्यमबागला टर्निंग-मिलिंगचं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, हायड्रॉलिक्सचे पार्ट करतो. ऑर्डरी वर-खाली व्हायला लागल्यात. या लॅबच्या मशिनींचे पार्ट आपल्याला करता येतील काय?
– एक वाचक, अनगोळ

उत्तर : हा प्रश्न वाचून मला खरंच आनंद झाला, कारण मशीन विकायचं सगळ्यांना सुचतं, बनवायचं कोणाला सुचत नाही. येतील, पण कुठून सुरू करायचं ते बघू.

एचपीएलसीच्या पंपापासून सुरू करू नका. तुम्ही हायड्रॉलिक्सवाले म्हणाल, ४०० बार प्रेशर म्हणजे काय आम्हाला नवीन नाही, आम्ही २००-२५० बारची कामं रोज करतो. प्रेशर नवीन नाहीच, नवीन आहे ते पाण्याची धार. मिनिटाला एक मिलिलिटर, तीही धक्का न बसता, दिवसभर तेवढीच. त्यासाठी आत नीलमचा प्लंजर असतो, चेक व्हॉल्वमध्ये माणकाची गोळी असते, आणि हेडच्या आतला पृष्ठभाग आरशासारखा लागतो. तिथपर्यंत जायला वेळ लागेल.

डिसोल्युशन टेस्टर बघा. गोळी पोटात किती वेळात विरघळेल ते बघायचं मशीन, प्रत्येक औषध कंपनीत आणि फार्मसी कॉलेजमध्ये असतंच. एक लिटरची काचेची सहा भांडी, खाली गोल, त्यात बहुतेक वेळा ९०० मिलिलिटर द्रव, ३७ अंश तापमान, अर्ध्या अंशापेक्षा जास्त इकडं-तिकडं चालत नाही, आणि वरून दांडा येतो त्याला पॅडल. हा दांडा आणि पॅडल एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे असतात. पॅडलची रुंदी ७४ ते ७५ मिलिमीटर, दांड्याचा व्यास ९.४ ते १०.१, पॅडलपासून तळापर्यंतचं अंतर २५ मिलिमीटर अधिक-उणे २, आणि फिरताना दांडा भांड्याच्या मध्यापासून २ मिलिमीटरच्या बाहेर जाता कामा नये. आता तुम्हीच सांगा, तुमच्या मशिनीवर ही मापं अवघड आहेत काय? तुमचा चांगला ऑपरेटर यापेक्षा बारीक काम करतो.

अवघड आहे ते कागद. प्रत्येक दांड्यावर नंबर कोरलेला पाहिजे, त्या नंबरचा माप-रिपोर्ट पाहिजे, ज्या मायक्रोमीटरनं मोजलं त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पाहिजे, स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट पाहिजे, आणि पाच वर्षांनी कोणी विचारलं तर ते सापडलं पाहिजे. एका नगाचं काम दहा मिनिटांचं आणि कागद अर्ध्या तासाचे. मी एका ओळखीच्या वर्कशॉपला हे काम मिळवून दिलं होतं, पार्ट एक नंबर झाले, पण नंबर कोरायचे राहिले म्हणून अख्खा लॉट परत आला. मालकाला वाटलं गिऱ्हाईक त्रास देतंय. त्रास नव्हता, ज्या गोळीची टेस्ट त्या दांड्यावर होणार ती कोणाच्यातरी पोटात जाणार, उद्या काही झालं तर कुठला दांडा वापरला ते शोधता आलं पाहिजे. तुम्ही विमानाच्या पार्टची कामं केली असतील, हत्तरगीकडच्या कंपन्यांसाठी आपल्याकडचे काही जण करतात, त्यांना हा कागदाचा शिस्तशीरपणा माहीत आहे, त्यांच्याकडं एक दिवस बसून या.

त्याच्या जोडीला स्टॅबिलिटी चेंबरची (औषध ठरावीक तापमानात आणि दमटपणात ठेवायच्या कपाटाची) बॉडी, ट्रे, ओव्हनचं शीटमेटल, शेकरचे क्लॅम्प, रोटाव्हॅपचे (सॉल्व्हंट उडवायच्या मशिनीचे) स्टँड. ही कामं दिसायला साधी आहेत पण मुंबई, ठाणे, अहमदाबादकडं ही मशिनी बनवणाऱ्या देशी कंपन्या आहेत आणि वेळेत, एकसारखं काम देणारा माणूस त्यांना हवाच असतो. पहिल्यांदा सॅम्पल पीस स्वतःच्या खर्चानं करून, मापांच्या कागदासकट, घेऊन जा.

प्रश्न : माझा भाऊ बीदरच्या कोळार इंडस्ट्रियल एरियात औषधाच्या कंपनीत आहे. सांगतो की दोन वर्षांत त्यांनी जीसी (वाफ करून घटक वेगळे करणारं आणि मोजणारं मशीन) घेतलं, आणि आता एलसी-एमएस घ्यायचं चाललंय. एवढ्या छोट्या कंपन्या अचानक एवढी महाग मशिनी का घेऊलागल्यात? हे चार दिवसांचं आहे की टिकणार?
– एक वाचक, भालकी

उत्तर : तुमच्या भावाच्या कंपनीचं आतलं मला माहीत नाही, पण सगळीकडंच हे का घडतंय ते सांगतो, आणि त्याची सुरुवात वाईट आहे.

२०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात खोकल्याचं औषध पिऊन ७० च्या आसपास लेकरं गेली, पाठोपाठ उझबेकिस्तानात तसंच. औषध भारतातून गेलेलं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं असं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. सिरपमध्ये गोडसर पातळपणा यायला प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात, आणि हे विष दिसायला, चवीला तसंच, स्वस्त. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पुन्हा तेच झालं, आपलीच लेकरं. हे नवीन पण नाही हो. १९३७ मध्ये अमेरिकेत याच विषानं शंभरावर माणसं गेली आणि पुढच्या वर्षी तिथं औषधाचा कडक कायदा आला. १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. हॉस्पिटलला ग्लिसरीनमध्ये हेच निघालं, १४ जण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. तेव्हापासून आपल्याला माहीत आहे. हे लिहिताना मला राग येतो तो लपवत नाही.

हे विष पकडायला जीसी लागतं. मर्यादा ०.१ टक्का आहे, डोळ्यांनी, वासानं कळत नाही. जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारमान्य लॅबची तपासणी सक्तीची झाली, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये शेड्यूल एम सुधारून आलं, म्हणजे औषध कारखाना कसा असावा त्याचे नियम. वर्षाला २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना आधी मुदत होती, छोट्यांना ती वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत दिली होती. आता ती सवलत संपली. म्हणून जीसी.

एलसी-एमएसचं कारण वेगळं. २०१८ मध्ये बीपीच्या वाल्सार्टन गोळीत एनडीएमए नावाचं कॅन्सरला कारण ठरू शकणारं द्रव्य निघालं, २०१९ मध्ये ॲसिडिटीच्या रॅनिटिडिनमध्ये निघालं. दिवसाला ९६ नॅनोग्रॅम एवढीच मर्यादा, एक ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर एक नॅनोग्रॅम. साध्या यूव्ही डिटेक्टरला एवढं बारीक दिसत नाही, तिथं एलसी-एमएसमधला मास स्पेक्ट्रोमीटरच पाहिजे. आणि ही तपासणी कच्चा माल बनवणाऱ्याकडूनच मागतात, बीदर-हैदराबाद पट्ट्यात तर तेच काम जास्त.

टिकणार का? नियमामुळं आलेली खरेदीची लाट दोन-तीन वर्षांत ओसरते, सगळ्यांनी मशीन घेतलं की संपलं. पण घेतलेलं मशीन रोज चालवावं लागतं, सर्व्हिस लागते, कॉलम लागतात, आणि नवीन औषधं आली की नवीन तपासणी येते. सेमाग्लुटाइड, ते वजन कमी करायचं इंजेक्शन, त्याचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं होतं, आणि कितीतरी कंपन्या त्याच्या मागं लागलेल्या. ते पेप्टाइड आहे, म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यासारखं, साध्या गोळीपेक्षा त्याची तपासणी किचकट. तुमच्या भावाला सांगा, नवीन मशीन आलं की शिकायला पहिला हात वर कर, नाईट शिफ्ट असली तरी.

प्रश्न : आमच्या फार्मसी कॉलेजला २० लाख मंजूर झालेत. सेकंडहँड एचपीएलसी अर्ध्या किमतीत मिळतंय, ते घेऊन उरलेल्यात एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणारं मशीन) घ्यावं असं चाललंय. बरोबर आहे का?
– एक प्राध्यापक, चिकोडी तालुका

उत्तर : सर, आधी मशीन ज्या खोलीत ठेवणार ती बघा. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने भिंतीला हात लावला तर ओला होतो, खानापूरकडं तर विचारूच नका. एफटीआयआरच्या आत पोटॅशियम ब्रोमाइडची काच असते, ती म्हणजे मिठासारखीच, हवेतलं पाणी ओढून धुरकट होते आणि मग ती बदलायचा खर्च ऐकून प्राचार्यांसकट सगळे गप्प होतात. डीह्युमिडिफायर पाहिजे, मशीन शक्यतो चालूच ठेवायचं, आणि आतल्या सिलिका जेलची पिशवी बदलायला कोणाचंतरी नाव ठरलेलं पाहिजे. मी एका कॉलेजमध्ये गेलो होतो, खंडेनवमीला मशिनीची मनापासून पूजा केलेली, झेंडूचा हार ताजा, आणि आतली सिलिका दोन वर्षं बदललेली नव्हती. भक्ती होती, फक्त कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

सेकंडहँड एचपीएलसी वाईट नसतं. पण तीन गोष्टी विचारा. सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या नावावर होणार का, आणि ते फक्त जुन्या विंडोजवरच चालतं का? कंपनी त्या मॉडेलचे स्पेअर अजून देते का? आणि तुमच्यासमोर सहा इंजेक्शनं मारून दाखवणार का? तिसऱ्याला नाही म्हणाले तर घेऊ नका.

घेतलं तर एक नियम पाळा, बफर वापरला की संध्याकाळी पाण्यानं धुतल्याशिवाय बंद करायचं नाही. फॉस्फेट बफर पंपात राहिला की त्याचे खडे होतात आणि सकाळी पंप सुरू करताच सील फाटतं. आपल्या भागात मी जेवढी बंद पडलेली एचपीएलसी उघडली त्यातली निम्मी या एका कारणानं गेली होती.

माझं मत विचाराल तर नवीन साधं एचपीएलसी घ्या, किंमत घासाघीस करून बसते, आणि त्यातच तीन वर्षांची सर्व्हिस लिहून घ्या. एफटीआयआर आत्ता नको. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सैफ आहे, मोठ्या उपकरणांची सरकारी सोय, फी भरून सॅम्पल तपासून देतात. आय-स्टेम पोर्टलवर देशातली अशी मशिनी कुठं आहेत तेही दिसतं. वर्षाला तीस सॅम्पलसाठी स्वतःचं मशीन कशाला पाळायचं?

प्रश्न : जांबोटीकडं आमची शेती आहे, बांधाला नरक्याची झाडं आहेत. कॅन्सरच्या औषधाला लागतो म्हणून एक व्यापारी विचारत आलाय, किलोवर घेतो म्हणतो. लॅबमध्ये तपासून भाव ठरवता येतो काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : येतो, आणि तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, त्याच्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं बनतात. हे द्रव्य पहिल्यांदा १९६६ मध्ये एका चिनी झाडातून काढलं, नंतर १९७२ मध्ये आपल्या नरक्यात सापडलं, आणि तेव्हापासून सह्याद्रीत त्याची एवढी तोड झाली की आता मोठं झाड दिसायला मुश्कील. व्यापारी किलोवर घेतो कारण तुम्हाला टक्का माहीत नाही. एका झाडात आणि दुसऱ्या झाडात टक्क्याचा खूप फरक पडतो, आणि तो एचपीएलसीवर अर्ध्या तासात कळतो.

झाड तोडू नका, मुळं उपटू नका, आणि जंगलातल्या झाडाला तर परवानगीशिवाय हातच लावू नका, व्यापारी काही म्हणू दे. तुमच्या मालकीच्या झाडाची पण विक्री करायची तर आधी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. तपासणीला बोटाएवढी फांदी पुरते. वेगवेगळ्या चार-पाच झाडांच्या फांद्या घ्या, प्रत्येकीला वेगळी कागदी पिशवी, प्लॅस्टिक नको, बुरशी येते. सावलीत वाळवा, उन्हात नाही. पिशवीवर पेन्सिलीनं झाडाचा नंबर, तारीख, जागा लिहा, आणि तोच नंबर झाडाला सुतळीनं बांधून ठेवा, नाहीतर रिपोर्ट आल्यावर कुठलं झाड ते कळायचं नाही. मग बेळगावातल्या एखाद्या फार्मसी कॉलेजच्या वनस्पती-औषध विभागात घेऊन जा, एम.फार्मची मुलं प्रोजेक्टसाठी असेच नमुने शोधत असतात. पाऊस उघडल्यावर जा, आत्ता काही वाळायचं नाही.